पणजोबांच्या लष्करी नोंदी: आधी नंबर, मग पत्र

तुम्ही सांगितलेली माहिती आधी एकत्र मांडतो. पणजोबा रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातले. ‘मराठा पलटणीत होते’ एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. आजी, म्हणजे त्यांची सून, सांगते की ते ‘मिसरला’ (म्हणजे इजिप्तला) होते आणि मधली दोन-तीन वर्षं पत्रच आलं नव्हतं. १९४६च्या सुमारास परत आले, पेन्शन नव्हती, पुढे शेतीच केली. घरात सहा टोकांचं एक पदक आणि गणवेशातला एक फोटो आहे. आणि तुमचा प्रश्न असा, की त्यांचं रेकॉर्ड मागायला दिल्लीला लिहू की लंडनला?

इतक्यात कुठेच लिहू नका. माझी नोकरी लष्कराच्या एका रेकॉर्ड ऑफिसात गेली आणि निवृत्तीनंतर अशा शोधांत लोकांना मदत करतो, त्या अनुभवावरून सांगतो. कुठे लिहायचं हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. खरी अडचण आहे ती नेमका माणूस ओळखण्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती. त्यात मराठा रेजिमेंटमध्ये शिंदे, मोरे, कदम, जाधव किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. ‘गणपत जाधव, तालुका खेड’ एवढ्यावर कोणीही छातीठोकपणे ‘हे तुमचेच’ म्हणू शकत नाही. ज्याने ते ठरतं ती गोष्ट एकच, लष्करी नंबर. तो मिळाला तर पुढचं काम कारकुनी आहे. नाही मिळाला तर तो मिळवणं हेच पहिलं काम.

लंडनचा विषय आधी मिटवू. लोकांना वाटतं की सैन्य ब्रिटिशांचं, म्हणजे कागद ब्रिटनला गेले असणार. अधिकाऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. शिपाई, नाईक, हवालदार आणि जमादार-सुभेदार यांची सेवापुस्तकं मात्र त्या त्या रेजिमेंटच्या केंद्रात राहिली आणि १९४७नंतर तिथेच भारतीय सैन्याकडे आली. ब्रिटनच्या संरक्षण खात्याला पत्र लिहिलंत तर नम्र नकार येईल आणि तुमचे दोन महिने जातील. ब्रिटनमध्ये मिळतं ते पलटणीचं रेकॉर्ड. ते फार मोलाचं आहे, पण दुसऱ्या टप्प्यावर. सगळ्या शोधाचं गणित मी असं मांडतो: माणसाचे कागद भारतात आणि थोडे, पलटणीचे कागद बव्हंशी ब्रिटनमध्ये आणि भरपूर. पहिल्यातून तारखा घ्यायच्या, दुसऱ्यातून त्या तारखांना काय घडलं ते वाचायचं.

आता काय मिळेल हे कशावर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. सर्वात मोठा फरक पेन्शनचा. युद्धापुरते भरती झालेले आणि १९४५ ते ४७ या काळात सुटलेले बहुतेक जवान पेन्शनला पात्र ठरले नाहीत, कारण त्यासाठी पंधरा वर्षांची नोकरी लागत असे. त्यांना थोडीफार एकरकमी रक्कम देऊन घरी पाठवलं. आणि बिगर-पेन्शनर जवानाची सेवा कागदपत्रं २५ वर्षं ठेवून नंतर नष्ट करायची असा लष्कराचा नियम आहे. तुमचे पणजोबा १९४६ला सुटले, म्हणजे त्यांची जाड फाइल १९७०च्या दशकातच गेली असण्याची शक्यता दाट आहे. ‘त्यांनी आमच्या पणजोबांची फाइल जाळली’ म्हणून चिडणारे खूप भेटतात. नियमाने झालेलं काम आहे, त्यावर शक्ती खर्च करू नका.

पण फाइल गेली म्हणजे सगळं गेलं असं नाही, आणि हे बाहेरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. जवानाचं मुख्य कागदपत्र म्हणजे शीट रोल: भरतीची तारीख, वय, उंची, अंगावरची खूण, गाव-तालुका-जिल्हा, वारस, बढत्या, बदल्या, जखमा, पदकं, सुटताना दिलेला शेरा. त्याच्या जोडीला नातेवाइकांची यादी असलेला किंड्रेड रोल. नष्ट होतात ते हे. त्याशिवाय असतो तो लाँग रोल. हे भलंमोठं रजिस्टर, त्यात एका माणसाला एक ओळ: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरती कधी, सुटला कधी आणि कशामुळे. हे रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. पानं पिवळी, कडा झिजलेल्या, शाई कुठे पसरलेली आणि एका पानावर एकाच आठवड्यात भरती झालेले एकाच तालुक्यातले दहा-बारा जण ओळीने. त्यामुळे पत्रात ‘पणजोबांची फाइल द्या’ असं लिहिलं की उत्तर येतं ‘नष्ट केली’. ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा’ असं लिहिलं की कारकुनाला उठून कपाटापर्यंत जावं लागतं. या एका वाक्याने कित्येकांचं काम झालेलं मी पाहिलं आहे.

म्हणजे पुन्हा नंबर. तो घरात कुठे सापडू शकतो?

पहिला मान डिस्चार्ज सर्टिफिकेटचा. लोक म्हणतात ‘आमच्याकडे नाही’, आणि मग ते जमिनीच्या कागदांच्या पुडक्यात, फेरफाराच्या नकलांमध्ये घडी घालून ठेवलेलं सापडतं. कारण सैनिक म्हणून जमीन किंवा सवलत मागायला ते कधीतरी जोडलं गेलेलं असतं. दुसरं, मनिऑर्डरच्या पावत्या. जवानाच्या पगारातून घरी रक्कम यायची आणि तिच्या कागदावर नंबर आणि युनिट असण्याची शक्यता चांगली. तिसरं, पत्रं. युद्धावरच्या पत्रात सेन्सॉरमुळे ठिकाण नसायचं, पण पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि पलटण मात्र असायची, कारण त्याशिवाय उत्तर पोचलंच नसतं.

चौथी जागा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. गावाकडची जुनी माणसं त्याला अजून ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देत आलं आहे. आजीला एवढंच विचारा: तुझ्या सासूबाईंना सोल्जर बोर्डाकडून पैसे यायचे का? ‘हो’ म्हणाली तर रत्नागिरीच्या कार्यालयात त्यांच्या नावाने अर्ज झालेला असणार, आणि त्या अर्जासोबत डिस्चार्जची नक्कल किंवा रेकॉर्ड ऑफिसचा दाखला लावल्याशिवाय अनुदान सुरू होत नसे. म्हणजे नंबर त्या फाइलमध्ये आहे. तिथे पत्र पाठवून वाट बघू नका. पणजीचं पूर्ण नाव आणि मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः जा. ही कार्यालयं बहुधा माजी सैनिकच चालवतात आणि समोर बसलेल्या माणसाचं काम ती करतात.

आता पदक आणि फोटो. तुम्ही लिहिलंय ‘सहा टोकांचं’, म्हणजे ते दुसऱ्या महायुद्धातल्या ‘स्टार’ पदकांपैकी आहे. मधल्या गोल पट्टीवर इंग्रजीत नाव असतं, ते नीट वाचा. आफ्रिका स्टार असेल तर १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातली उत्तर किंवा पूर्व आफ्रिकेतली सेवा. इटली स्टार असेल तर ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. बर्मा स्टार असेल तर ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५, आणि मग आजीच्या ‘मिसर’कडे पुन्हा नव्याने बघावं लागेल. नुसतं ‘१९३९-४५ स्टार’ असेल तर तो सर्वसाधारण आहे, त्यावरून आघाडी कळत नाही. पदक पालथं करून मागचा भाग भिंगाखाली पाहा. ब्रिटिश जवानांना ही पदकं नावाशिवाय मिळाली, पण भारतीयांच्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेलं पुष्कळदा आढळतं. घासून चकाकवू नका, आधी बघा. चिंच लावून लख्ख केलेली पदकं मी इतकी पाहिली आहेत की त्यावरची अक्षरं निम्मी पितांबरीतच गेली म्हणायची.

फोटोत तीन जागा बघा. दंडावरच्या फिती: एक असेल तर लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावरची पितळी अक्षरं: त्यात रेजिमेंटचं संक्षिप्त नाव असतं. आणि बाहीवर वरच्या बाजूला डिव्हिजनचं चिन्ह शिवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग दिसत नाहीत, पण आकार दिसतो. पंख पसरलेला गरुड म्हणजे चौथी हिंदी डिव्हिजन, कोंबडा म्हणजे तेविसावी, मांजर म्हणजे सतरावी. आठव्या डिव्हिजनची तीन पानाफुलांची खूण असायची. फोटो फ्रेममध्ये असेल तर सांभाळून बाहेर काढा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, आणि कैरो किंवा बसऱ्याच्या स्टुडिओचा शिक्का हा घरातल्या कोणाच्याही आठवणीपेक्षा भरवशाचा साक्षीदार आहे.

‘मराठा पलटण’ या शब्दांवरही थोडं थांबावं लागेल. त्या काळी तिचं अधिकृत नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. त्यामुळे कागदावर ३/५ असं दिसलं तर ती तारीख नाही, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. आणि बटालियन कळणं फार महत्त्वाचं, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियन जगाच्या वेगवेगळ्या टोकांना लढल्या. ३/५ ही १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली आणि पुढे इटलीत. तिच्याच नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १/५ इटलीत आठव्या डिव्हिजनमध्ये होती. नामदेव जाधव यांचा व्हिक्टोरिया क्रॉस तिचा, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीकाठचा. ४/५ ब्रह्मदेशाच्या सीमेवर, मार्च १९४४मध्ये सांगशाकच्या वेढ्यात. आणि २/५ उत्तर आफ्रिकेत होती, ती जून १९४२मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथेच होती आणि कैद झाली.

या शेवटच्या वाक्यामुळे तुमच्या आजीचं ‘दोन-तीन वर्षं पत्र नव्हतं’ मला खटकलं. मिसर, पत्रांत खंड, १९४६ला घरी: हे तोब्रुकच्या युद्धकैद्याशी जुळतं. पण जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. पत्रं न येण्याची कारणं शंभर असतात. टपालाचं जहाज बुडालं, लिहून देणारा मिळाला नाही, किंवा घरातल्या मोठ्याने पत्रं ठेवून घेतली आणि सुनांना कळलंच नाही. तेव्हा हा अंदाज कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवा, शाईने नको.

आणखी एक शक्यता. ‘मराठा’ म्हणजे पायदळच असं नाही. युद्धात मराठा अँटी-टँक रेजिमेंटही उभ्या राहिल्या. त्या तोफखान्याच्या, त्यांचा माग नाशिक रोडच्या तोफखाना रेकॉर्डमध्ये घ्यायचा. कोकणातले पुष्कळ जण सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दलात होते. त्यांचं रेकॉर्ड पुण्यात खडकीला, बॉम्बे सॅपर्सकडे. मोटार ड्रायव्हर किंवा रसद खात्यातले असतील तर आर्मी सर्व्हिस कोअर, बंगळुरू. सिग्नलवाले जबलपूर, वैद्यकीय दलातले लखनौ. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. नौदलातले असतील तर मुंबईत मानखुर्दला खलाशांचं रेकॉर्ड आहे. हे सगळं लिहिलं ते तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी. तुमचा पहिला पत्ता बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. संस्थानी फौजेतले असते, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या राजाराम रायफल्समध्ये, तर वाट वेगळी असती, पण खेड ब्रिटिश मुलखात होतं, म्हणून तो प्रश्न इथे येत नाही.

पत्र कसं लिहायचं? कारकुनाच्या टेबलावर ते कसं वाचलं जातं ते सांगतो, मग आपोआप कळेल. सकाळच्या टपालात पेन्शनच्या तक्रारी, वारस नोंदी, कोर्टाची पत्रं असतात. त्यांना मुदत असते. त्यात एक चार पानी भावपूर्ण पत्र येतं, ‘माझ्या पणजोबांनी देशासाठी’ इथून सुरू होणारं, आणि नंबर कुठेच नाही. ते बाजूला ठेवलं जातं. वाईट हेतूने नव्हे, हातात धरायला त्यात काही नसतं म्हणून. याउलट एक पानी पत्र, वर ठळक विषय, खाली नंबर (किंवा ‘नंबर उपलब्ध नाही’), नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे साल, माहीत असेल तर बटालियन, तुमचं नातं, आणि एकच मागणी: लाँग रोलचा उतारा. सोबत तुमच्या ओळखपत्राची आणि नातं दाखवणाऱ्या कागदांची नक्कल. मूळ कागद कधीही पाठवू नका. मूळ डिस्चार्ज पाठवून ते गमावलेली घरं मी पाहिली आहेत.

नंबर नसेलच तर दोन गोष्टी वाढवा. पहिली, नावाची स्पेलिंग. इंग्रजीत लिहिणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं. जाधवचं शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ येऊ शकतं, पवारचं पोवार होतं, सावंतमध्ये कधी व्ही तर कधी डब्ल्यू. आडनावाऐवजी नुसतं नाव आणि बापाचं नाव असंही सापडतं. कधी वयासाठी किंवा घरच्यांना चुकवून मामाच्या नावावर भरती झालेला गडी असतो. संभाव्य स्पेलिंगं पत्रातच देऊन टाका. दुसरी, जुना पत्ता. १९४० साली सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, रायगड म्हणजे कुलाबा होता, आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यात होते. पत्रात ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिलंत तर शोधणारा त्या नावाचा जिल्हा रजिस्टरात शोधत बसेल.

याचा उलटाही उपयोग होतो. समजा एका नोंदीत गाव ‘उंबोली, रत्नागिरी’ असं उमटलंय. हे आंबोली की आंबवली? आंबोली तेव्हा सावंतवाडी संस्थानात होती, तिथल्या माणसापुढे ‘रत्नागिरी’ नव्हे तर ‘सावंतवाडी स्टेट’ लिहिलं गेलं असतं. म्हणजे कल आंबवलीकडे. मग प्रश्न उरतो कोणती आंबवली, त्यासाठी तालुका बघायचा. नोंदीतला एकेक शब्द असा दाबून बघायचा असतो.

साध्या पत्राला दोन-तीन महिने द्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच: अर्जाचं शुल्क १० रुपये, ऑनलाइनही करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात दोन मुद्दे मांडा: तुम्ही थेट वंशज आहात, आणि कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं तर विचारा: नष्ट केलं की सापडत नाही? नष्ट केलं तर कधी, आणि लाँग रोल तपासला का? पण सुरुवातच माहितीच्या अधिकाराने करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अर्जाला नेमकं विचारलं तेवढंच उत्तर मिळतं. साध्या पत्राला कधी कधी एखादा जुना सुभेदार-मेजर फोन करून, विचारलं नव्हतं तेही सांगतो.

युद्धात मरण पावलेल्यांचं काम तुलनेने सोपं असतं, म्हणून त्यांच्या वंशजांसाठी दोन ओळी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात आहेत, आजारपणाने गेलेलेही. पुष्कळ नोंदींत वडिलांचं, बायकोचं आणि गावाचं नाव असतं. शोधताना नावापेक्षा रेजिमेंट आणि तारखेने गाळा, मग यादी डोळ्यांखालून घाला. आणि थडगं शोधू नका. हिंदू जवानांना शक्य तिथे अग्नी दिला गेला, त्यांची नावं केरेन, इंफाळ, इटलीत सांग्रो नदी आणि फोर्ली इथल्या दहन-स्मारकांवर आहेत. ज्यांचे देह सापडलेच नाहीत त्यांची मोठ्या स्मारकांवर, जसं कॅसिनो किंवा रंगूनजवळचं. तुमचे पणजोबा घरी परत आले, म्हणजे ते या यादीत नसणार. तिथे त्यांच्या नावाचा कोणी दिसला तर तो दुसरा माणूस, हे ध्यानात ठेवा.

लाँग रोलची ओळ हातात आली की मग लंडन. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, क्यू इथे, प्रत्येक पलटणीची युद्ध डायरी आहे. मध्यपूर्वेच्या आघाडीसाठी डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं युद्ध खातं) १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०, आग्नेय आशिया आणि ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२ ही मालिका बघायची. मालिका कळली की पलटण आणि वर्ष घालून त्यांच्या ऑनलाइन सूचीत नेमका क्रमांक मिळतो. या डायऱ्या बहुतांशी ऑनलाइन वाचता येत नाहीत, पैसे भरून प्रती मागवाव्या लागतात किंवा तिथल्या कोणा संशोधकाला काम द्यावं लागतं. महिन्याचा नेम धरूनच मागवा, सबंध युद्धाची मागवायला गेलात तर खर्च झेपणार नाही. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही या युद्धाचे कागद आहेत, पण नवख्याने सुरुवात क्यूच्या सूचीपासून करावी.

डायरीत शिपायाचं नाव शोधू नका. तिच्यात अधिकारी नावाने येतात, सुभेदार-जमादार कधी कधी, बाकीचे आकड्यांत: ‘इतके ठार, इतके जखमी’. पण पणजोबा अमुक तारखेला त्या पलटणीत होते हे माहीत असेल तर डायरीतला प्रत्येक दिवस त्यांचाच आहे. त्या दिवशी किती मैल चालले, पाऊस होता का, गोळीबार झाला का, टपाल आलं का. शौर्यपदक मिळालं असेल तर डब्ल्यूओ ३७३ मध्ये शिफारशीचा कागद नावाने शोधता येतो, आणि तिथे मात्र त्या माणसाने नक्की काय केलं हे परिच्छेदभर लिहिलेलं सापडतं. घरात ‘पणजोबांना मोठं पदक मिळालं होतं’ असं म्हणत असतील तर ताळा तिथे आणि लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात करा. स्टार हे आघाडीवर हजर असल्याबद्दलचं पदक आहे, शौर्याचं नव्हे. हे आजीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

युद्धकैदी असल्याचं निष्पन्न झालं तर जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे कैद्यांच्या नोंदी आहेत. नातेवाइकांच्या चौकश्या ते ठराविक काळातच घेतात, आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल, नंबर एवढं मागतात. तोब्रुकचे बरेच कैदी आधी इटलीत ठेवले गेले. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शस्त्रं टाकल्यावर काही निसटले, काहींना जर्मनांनी उचलून नेलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर मे १९४४मध्ये बाँब पडले तेव्हा तिथले शेकडो हिंदी कैदी पळून पायी स्वित्झर्लंडला पोचले. युरोपातल्या काही कैद्यांनी नेताजींच्या जर्मनीतल्या आझाद हिंद फौजेत नाव घातलं होतं. अशी कुजबुज घरात असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ बघा. युद्धानंतर पुष्कळ वर्षं घरोघरी हा विषय दबक्या आवाजातच बोलला जायचा, त्यामुळे आजीला थेट विचारण्याऐवजी ‘ते परत आल्यावर कोणाला भेटायला पोलीस आले होते का’ असं विचारलंत तर जास्त कळेल.

तेव्हा तुमचा क्रम असा: या आठवड्यात पदकाची मागची बाजू आणि फोटोतला खांदा-दंड यांचे जवळून फोटो काढा, आजीला सोल्जर बोर्डाचं विचारा. नंतर रत्नागिरीच्या कार्यालयात एक फेरी. तिथून नंबर मिळो न मिळो, बेळगावला एक पानी पत्र स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. उतारा आला आणि त्यात काही संक्षेप कळले नाहीत तर तो भाग मला विचारा. रेकॉर्ड ऑफिसचे संक्षेप आमच्याच पिढीने वापरले आहेत. पत्ता आणि नंबर मात्र उघडपणे कुठे टाकू नका, तेवढं झाकून पाठवा.